पायाळू बाबा आणि पंचेचाळीस पौंडांचे हेडफोन्स

आमचे बाबा पायाळू. म्हणजे जन्माला येताना आधी पाय आले, मागून बाबा आले. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं गुप्तधन दिसतं, असं आजी सांगायची. मी आणि ताईने हे इतकं सिरिअसली घेतलं होतं की एका मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दुपारी झोपलेल्या बाबांच्या डोळ्यांत काजळ भरलं आणि त्यांना ओढत परसात नेलं. गुप्तधन म्हणून सायकलचं एक पेडल निघालं. आईच्या हातचा धपाटा मिळाला तो वेगळा.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हेच पायाळू बाबा इंग्लंडमधल्या एका कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात उभे होते. डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर हेडफोन्स, हातात मेटल डिटेक्टर. आणि मला ओरडून सांगत होते, "अगं, हे यंत्र बंद पडलंय!"

यंत्र बंद नव्हतं. पण थांबा, मी फारच पुढे पळाले. पहिल्यापासून सांगते.

हा काय नवीन उद्योग?

मी राहते इप्सविचला. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाचा परगणा आहे, त्यातलं हे मुख्य शहर. पुण्याच्या आयटीवाल्यांना ते नवीन नाही. टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर इथं ऑनसाइट येऊन गेलेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीत निघेल. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि सहा वर्षं झाली. आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि वीकेंडला पुन्हा लॅपटॉप उघडून सिरीज बघायच्या, याचा जाम कंटाळा आला, तेव्हा ऑफिसमधल्या एकाने मला त्याच्याबरोबर शेतात नेलं. मेटल डिटेक्टिंग करायला.

आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटलं की मॉलच्या दारातली ती चौकट आठवते. आपण त्यातून जातो, ती पीं करते आणि कुणीच लक्ष देत नाही. इथं हा चक्क छंद आहे. मासे पकडायला गळ घेऊन बसावं तसे लोक रविवारी डिटेक्टर घेऊन शेतात फिरतात. यावर 'डिटेक्टरिस्ट्स' नावाची बीबीसीची एक भन्नाट कॉमेडी मालिका २०१४मध्ये आली. तिचं शूटिंगही सफोकमध्येच झालं.

आणि सफोकच्या मातीची तर बातच और आहे. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये होक्सन नावाच्या गावात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचे मित्र एरिक लॉज रिटायर झालेले माळी होते. रिटायरमेंटला भेट मिळालेला डिटेक्टर घेऊन ते हातोडी शोधायला गेले आणि त्यांना सापडला रोमन काळातला खजिना. सोन्याचांदीचे दागिने, चमचे आणि जवळपास पंधरा हजार नाणी! हातोडीही सापडली. ती आता खजिन्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण मला यातला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. लॉजसाहेबांनी थोडं खणल्यावर हात आवरला आणि तज्ज्ञांना बोलावलं. त्यामुळे खजिना जसा पुरला होता तसाच, थरांसकट बाहेर काढता आला.

माझी पहिली घोडचूक

माझं बजेट होतं चारशे पौंड. दुकानात गेले, विक्रेत्याने मशीनचे गुण असे काही गायले की मी तीनशे ऐंशीचं मशीन उचललं. उरले वीस पौंड. त्यात बागकामाचं एक खुरपं आलं आणि एक सँडविच. हेडफोन्स? घरी ऑफिसच्या कॉल्ससाठी घेतलेले ब्लूटूथवाले होतेच की!

मंडळी, पहिल्यांदा डिटेक्टर घेणारे दहापैकी नऊ जण हेच करत असतील, असा माझा अंदाज आहे. सगळा पैसा मशीनवर. कॅमेरा घ्यायचा आणि मेमरी कार्डाला पैसे उरू नयेत, तशातली गत. आज कुणी विचारलं तर मी सांगते, बजेटचे तीन भाग करा. दोन भाग मशीनला, एक भाग बाकीच्या सामानाला. आणि त्या तिसऱ्या भागात पहिला मान हेडफोन्सचा.

का, ते कळायला मशीन काय करतं हे दोन मिनिटांत समजून घेऊ. दांड्याच्या टोकाला जी चकती असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यातून जमिनीत चुंबकीय क्षेत्र जातं. खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं उलट क्षेत्र कॉइलमधला दुसरा वेढा पकडतो. येणारा सिग्नल किती मागे पडला यावरून मशीन अंदाज बांधतं की खाली काय असावं. लोखंडी खिळा असेल तर खर्जातला घुर्र आवाज येतो. तांबं, चांदी असेल तर उंच पट्टीत टिंग वाजतं. कोल्ड्रिंकच्या कॅनची चावी आणि ॲल्युमिनियमची फॉइल मधल्या सुरात. लहानशी सोन्याची अंगठीही बहुतेक वेळा त्याच मधल्या सुरात वाजते, हा निसर्गाचा विनोद आहे.

स्क्रीनवर आकडाही येतो. पण वस्तू खोल गेली, तिरकी पडली किंवा शेजारी खिळा असला की आकडा डुगडुगतो. मुरलेले लोक स्क्रीनकडे बघतच नाहीत, आवाज ऐकतात. वीस सेंटिमीटरवरच्या छोट्या नाण्याचा आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी कुजबुजावं तितपत असतो. सफोकच्या उघड्या शेतात, त्या वाऱ्यात, मशीनच्या स्पीकरवर तो ऐकू येणं शक्यच नाही. म्हणजे तुम्ही कितीही महागडं मशीन घ्या, शेवटची कडी तुमचा कान आहे.

ब्लूटूथचा पोपट

माझ्या ब्लूटूथ हेडफोन्सनी पहिल्याच दिवशी मला रडवलं. टिंग आवाज आला की मी थांबायची, खणायची, खड्ड्यात काही नाही. वीतभर बाजूला खणलं की तिथं वस्तू! मला वाटलं मशीनच डिफेक्टिव्ह आहे. विक्रेत्याला चार शब्द सुनवायची तयारीही केली होती.

फंडा असा आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर लागतो. गाणं ऐकताना हे कळतही नाही. पण कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असेल तर तेवढ्या वेळात ती वीस सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते. गाडी स्टेशन सोडून गेल्यावर अनाउन्समेंट व्हावी, तसा प्रकार. म्हणून वायरलेसच हवे असतील तर ब्लूटूथचा 'लो लेटन्सी' प्रकार बघा, ज्यात उशीर सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास येतो. मात्र तो मशीन आणि हेडफोन्स दोघांनाही चालायला हवा. काही कंपन्यांची स्वतःची वायरलेस पद्धत याहून चपळ असते, पण मग हेडफोन्स त्याच कंपनीचे घ्यावे लागतात. आणि यापैकी काहीच जमत नसेल तर सरळ वायरवाले घ्या. वायरला उशीर नाही, चार्जिंगची कटकट नाही.

माझी चूक मला कळली, पण मी नवे हेडफोन्स घेतले नाहीत. चालवून घेतलं. कॉइल हळू फिरवायची, अंदाजाने मागे यायचं. आपण पुणेकर, वस्तू पूर्ण मोडल्याशिवाय नवी घेत नाही.

मग बाबा आले.

टीव्हीचा आवाज चाळीस

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला चौतीस वर्षं होते. दिवसभर पत्र्यावर धाड धाड. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती. रिटायर होईपर्यंत डावा कान बराचसा गेला होता आणि उजवाही निम्म्यावर आला होता. ताईने दोनदा कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, दोन्हीदा बाबांना नेमकं त्याच दिवशी बँकेत काम निघालं. "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

ते माझ्याकडे अडीच महिने राहायला आले, एकटेच. ताईचं बाळ लहान असल्यामुळे आई तिच्याजवळ थांबली. मला वाटलं होतं खूप गप्पा मारू. प्रत्यक्षात काय झालं? टीव्हीचा आवाज चाळीसवर. मी काही विचारलं की बाबा हसून मान डोलवायचे. "बाबा, चहा घेणार की कॉफी?" यावर "हो." घरी मित्रमंडळी आली की ते पंधरा मिनिटांत उठून आतल्या खोलीत जायचे. मला आधी राग यायचा, मग लक्षात आलं की त्यांना चारचौघांतलं काहीच कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. ज्या माणसाने नाक्यावर उभं राहून तासन्‌तास गप्पा हाणल्या, तो माणूस गप्प गप्प होत चालला होता. आणि मी शनिवार आला की त्यांना टीव्हीसमोर बसवून शेतात पळत होते. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या शनिवारी बाबा स्वतःच बूट घालून दारात उभे. "चल, मीपण बघतो तुझं गुप्तधन."

"यंत्र बंद पडलंय!"

तर तो सुरुवातीचा सीन. मशीन त्यांच्या हातात, माझे ब्लूटूथ हेडफोन्स त्यांच्या कानावर, आवाज फुल्ल. खाली मी मुद्दाम एक पेनी टाकलेली. मशीन टिंग टिंग करतंय आणि बाबा म्हणतायत, यंत्र बंद पडलंय. मी तेच हेडफोन्स माझ्या कानाला लावले तर कानठळ्या बसल्या. त्या क्षणी मला पहिल्यांदा नीट कळलं की बाबांना किती कमी ऐकू येतं. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू कर. मी बसतो बांधावर."

आमच्याबरोबर क्लबमधले एक सत्तरीचे आजोबा होते. त्यांनी लांबून सगळा प्रकार बघितला. आले, स्वतःच्या गळ्यातले हेडफोन्स काढून बाबांच्या डोक्यावर चढवले आणि खुणेनेच समजावलं. साधे काळे, वायरवाले. पण दोन्ही कानांना आवाजाचं वेगळं बटण. डावीकडचं वर, उजवीकडचं मध्यावर. मग त्यांनी माझ्या मशीनच्या मेनूत जाऊन चांदीचा तो टिंग आवाज खालच्या पट्टीत आणला. माझ्या मशीनमध्ये अशी सोय आहे हे मला पाच महिन्यांत माहीत नव्हतं! वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान गेले की सहसा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे अनेक जण चांगल्या वस्तूसाठी खालचा सूर ठेवतात आणि खिळ्यांना दुसरा काहीतरी देतात.

मी कॉइल पेनीवरून फिरवली. बाबा एकदम म्हणाले, "आला!" पुन्हा फिरवली. "आला. परत आला." आणि मग माझ्या हातातून मशीन जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी तसलेच हेडफोन्स ऑर्डर केले. पंचेचाळीस पौंड.

हेडफोन्स घेताना काय बघाल?

त्या एका दिवसाने मला जे शिकवलं ते असं.

वेगळी बटणं: प्रत्येक कानाला स्वतंत्र आवाज हवा. आपले दोन्ही कान क्वचितच अगदी सारखे असतात, तुम्ही तिशीचे असलात तरी.

लिमिटर: खोलवरचं नाणं कुजबुजतं, पण वरच पडलेला कॅन किंचाळतो. कुजबुज ऐकायला आवाज वाढवून ठेवला आणि कॅन आला की कानाची वाट लागते. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे न जाऊ देणारी सोय असलेले हेडफोन्स घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, एवढीच सुरक्षित हद्द आहे. आमच्या घरात चौतीस वर्षांच्या गोंगाटाचं उदाहरण बसलेलं असल्यामुळे यावर मी लेक्चर देऊ शकते.

बंद की उघडे: कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन्स वारा अडवतात. गाणी ऐकायला उत्तम असलेले मागून उघडे हेडफोन्स शेतात कुचकामी. नॉइज कॅन्सलिंगच्या मोहात पडू नका. मागून ट्रॅक्टर आला, बैल आला किंवा शेतकरी हाका मारतोय हे कळायला हवं. माझ्यासारख्या भित्र्या लोकांनी एक कान अर्धा उघडा ठेवावा.

पिन: काही मशीनना जाड, म्हणजे ६.३५ मिमीची पिन लागते, काहींना मोबाइलवाली ३.५ मिमीची. ॲडॅप्टर मिळतो, पण आधी बघून घ्या. काही मशीन मोनो आवाज देतात, मग साध्या स्टिरिओ हेडफोन्समध्ये एकाच कानात ऐकू येतं. मोनो-स्टिरिओ बटण असलेला सेट घेतला की टेन्शन नाही.

ओढ: स्टुडिओतले भारी हेडफोन्स घरात पडलेत म्हणून वापरू नका. त्यांना जास्त ताकदीचा सिग्नल लागतो. मशीनचा सिग्नल बिचारा तेवढा नसतो, आवाज मरतुकडा येतो.

वायर आणि गाद्या: वायर गुंडाळीची आणि लवचीक असावी, जॅकेटच्या आतून घ्यावी, म्हणजे काट्यात अडकत नाही. कानाच्या गाद्या बदलता यायला हव्यात, घामाने त्या आधी फाटतात. पाण्यात उतरणार असाल तर त्यासाठीचे वॉटरप्रूफ हेडफोन्स वेगळे मिळतात.

एक फुकटचा फायदाही आहे. स्पीकरला बॅटरी जास्त लागते, हेडफोन्सना कमी. आणि शेतातल्या बाकीच्यांना तुमचं पीं पीं ऐकावं लागत नाही.

बाकीची पोतडी

हेडफोन्सनंतर दुसरा नंबर पिनपॉइंटरचा. गाजराएवढा हातात धरायचा छोटा डिटेक्टर. खड्डा केल्यावर वस्तू नेमकी कुठल्या ढेकळात आहे ते तो सांगतो. तो नसला की माणूस चिखलात बोटं घालत दहा मिनिटं बसतो किंवा खुरप्याने नाण्यावरच घाव घालतो. थरथरणारा घ्या आणि भडक रंगाचा घ्या, नाहीतर गवतात ठेवून विसराल. बाबा तर त्याच्या प्रेमातच पडले. तो हातात थरथरतो, तिथं कानाचं कामच नाही.

तिसरं, खणायचं अवजार. माझं बागेतलं खुरपं दुसऱ्याच दिवशी वाकलं. नांगरलेल्या शेताला लहान मजबूत फावडं, गवताळ जागेला एका बाजूला दाते असलेलं खुरपं. गवतात पूर्ण गोल कापायचा नाही, नालाच्या आकारात तीन बाजू कापायच्या आणि गवताची चकती झाकणासारखी उलटायची. काम झालं की झाकण बंद, पायाने दाबलं, खड्डा होता हे कळता कामा नये. खड्डे उघडे टाकणाऱ्याला शेतकरी पुन्हा उभा करत नाही.

चौथं, कमरेला दोन कप्प्यांची पिशवी. एक कप्पा वस्तूंना, एक कचऱ्याला. कचऱ्याचा मोठा घ्या! शिकारीच्या काडतुसांची पितळी बुडं, यंत्रात चिरफाळलेले कॅन, फॉइल, हे सगळं तुम्हालाच घरी न्यायचंय. त्याशिवाय कॉइलला प्लास्टिकचं कव्हर, जादा बॅटरी, हातमोजे आणि नाजूक वस्तूसाठी कापूस घातलेली डबी. झालं सामान. दुकानदार आणखी वीस गोष्टी दाखवेल, हसून नको म्हणा. आणि मोठी कॉइल तर पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. ती खोल जाते, पण खिळ्यांनी भरलेल्या शेतात खिळे आणि नाणी यांचा काला करते.

परवानगी हीच खरी ॲक्सेसरी

इथं कुठल्याही जमिनीवर जायला मालकाची परवानगी लागते. संरक्षित स्मारकाच्या जागेत विनापरवाना डिटेक्टर वापरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९९६चा 'ट्रेझर ॲक्ट' सांगतो की तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा तशी दोन-अधिक नाणी एकत्र सापडली तर चौदा दिवसांत कळवा. २०२३पासून यात दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही आल्या. बाकीच्या वस्तूंची नोंद ऐच्छिक आहे. ती ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालच्या योजनेत होते आणि आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तू त्यात नोंदल्या गेल्यात. नांगर जातो त्याच्याखाली खणायचं नाही. आणि वस्तू कुठं सापडली हे लिहून ठेवायचं, कारण जागा कळली नाही तर अर्धा इतिहास गेला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "मग मीपण एक मशीन घेऊन राजगडावर जाऊ?" अजिबात नाही, बॉस. आपल्याकडे १८७८चा गुप्तधनाचा कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा. मार्च २०२५मध्ये 'छावा' बघून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या आसपासच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोहरा शोधायला उतरले होते, ते आठवतंय ना? त्याच वर्षी जुलैमध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या यादीत गेले. तिथली माती खजिन्याच्या नादाने उकरली की ती पुन्हा वाचता येत नाही. हा छंद करायचा तर जिथं त्याला कायदा आहे, नोंदीची सोय आहे, तिथंच करा.

हिंदुस्थानचा सम्राट

बाबांना गुप्तधन सापडलं का? सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, पेरणीच्या आधीच्या शेवटच्या फेरीत त्यांनी एकट्याने आवाज पकडला, एकट्याने खणलं आणि तळहातावर चांदीचं एक छोटं नाणं घेऊन माझ्याकडे आले. १९१६ची सिक्सपेन्स, पंचम जॉर्जच्या काळातली. १९२०च्या आधीची म्हणजे ९२.५ टक्के चांदी. बाबा लगेच म्हणाले, "घरी पितांबरी आहे का?" मी किंचाळले. जुनं नाणं घासायचं नसतं, पाण्याने माती काढायची, बस्स.

त्यावर लॅटिनमध्ये 'इंड इम्प' अशी अक्षरं होती. म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. मी अर्थ सांगितला. बाबांनी नाणं चष्म्याजवळ धरलं आणि म्हणाले, "आपल्या जिवावर मिरवत होता लेकाचा." शेतकरी हसत म्हणाला, ठेवा तुम्हीच. बाबा नाणं माझ्याकडेच ठेवून गेले. इथल्या मातीतलं आहे, इथंच राहू दे म्हणाले.

पण त्या दिवशी परतताना गाडीत त्यांनी स्वतःहून एक प्रश्न विचारला. "कानाचं यंत्रसुद्धा असंच असतं का गं? दोन कानांना वेगवेगळं?" मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "हो बाबा, कान तपासून प्रत्येक कानाला, प्रत्येक पट्टीला वेगळा आवाज लावून देतात." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईशी बोलताना बरं पडेल."

गेल्या दिवाळीत त्यांनी चिंचवडला कान तपासून घेतले. यंत्रं लागली. पहिला महिना कुरकुर केली, भांड्यांचा आवाज फार येतो म्हणून एकदा काढून डब्यातही ठेवली. आता घालतात. परवा फोनवर मी सवयीने मोठ्याने बोलत होते, तर म्हणाले, "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला." मागून आई म्हणाली, "आता माझंही सगळं ऐकू येतं त्यांना, जरा जपूनच बोलावं लागतं!"

तर, डिटेक्टर घेणार असाल तर हेडफोन्स आधी निवडा. आणि घरात कुणी टीव्हीचा आवाज चाळीसवर लावत असेल तर ते हेडफोन्स एकदा त्यांच्या डोक्यावर चढवून बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात!